तीन उद्दिष्टे, एक तक्ता: प्रगतीची नोंद कशाची आणि किती दिवसांनी ठेवावी?

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकमध्ये एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. पुढील वर्षभरासाठी तीन उद्दिष्टे निश्चित केली असून त्यांच्या प्रगतीची नोंद कशी ठेवावी, याविषयी येथील जाणकार सदस्यांचे मत हवे आहे.

पहिले उद्दिष्ट नोकरीशी निगडित आहे. बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या व्यावसायिक परीक्षांपैकी पहिली, जेएआयआयबी, पूर्वीच उत्तीर्ण झालो असल्यामुळे आता तिच्यापुढची सीएआयआयबी पूर्ण करावयाची आहे. चार अनिवार्य विषय आणि एक ऐच्छिक, प्रत्येकी १०० गुण, अशी ही परीक्षा आहे. ऐच्छिक म्हणून मी जोखीम व्यवस्थापन घेणार आहे. दुसरे उद्दिष्ट प्रकृतीचे. मधुमेहाचे निदान होऊन काही काळ लोटला असून शेवटच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा रक्ततपासणीतील आकडा, ७.८ टक्के आला होता. तो ७ च्या आत आणावा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तिसरे निव्वळ हौसेचे आहे. आमच्या घरी पणजोबांच्या काळातील जमिनीची आणि देवघेवीची मोडी कागदपत्रे एका पेटीत आहेत, ती मला स्वतःला वाचता यावीत, अशी इच्छा आहे. मुळाक्षरे आणि बाराखडी गिरवून झाली आहे. सलग मजकूर मात्र अद्याप वाचता येत नाही.

नोंदीसाठी एक्सेलमध्ये तक्ता आखला आहे. आडव्या ओळींत तारखा, उभ्या रकान्यांत तीन उद्दिष्टे, आणि रोज रात्री प्रत्येक चौकटीत ‘झाले’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहावयाचे, म्हणजे महिनाअखेरीस टक्केवारी आपोआप निघेल, अशी योजना आहे. तक्ता आखून झाल्यावर मात्र त्याच्याविषयीच शंका वाटू लागली. अभ्यासाच्या रकान्यात महिनाभर ‘झाले’ अशी नोंद पडली, तरी उत्तीर्ण होण्याच्या मी किती जवळ आलो, हे त्यावरून कळणार नाही. उलट केवळ निकालच मोजावयाचा, तर परीक्षा वर्षातून दोनदा, रक्ताची तपासणी तीन महिन्यांतून एकदा, आणि मोडीला तर निकाल असा काही नाहीच. मधल्या काळात आपण योग्य दिशेने चाललो आहोत की नाही, हे कशावरून ठरवावे? तिन्ही उद्दिष्टांना एकच एकक लावणे योग्य आहे का? आणि रोज नोंद करणे खरोखर आवश्यक आहे की आठवड्यातून एकदा केली तरी पुरते?

कोणते ॲप वापरावे, हा माझा प्रश्न नाही. ॲपमध्ये काय लिहावे, हा आहे.

परीक्षानळी

मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे केवळ दुसऱ्या उद्दिष्टाविषयी लिहितो. औषधांबाबतचा निर्णय अर्थातच आपल्या डॉक्टरांचा.

एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण. या पेशी साधारणपणे १२० दिवस जगतात, म्हणून हा आकडा मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. मात्र ही सरासरी सर्व दिवसांना सारखे वजन देत नाही. अगदी अलीकडच्या एका महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. याचा आपल्या नोंदीशी थेट संबंध आहे. आज आहार बदलला आणि सहा आठवड्यांनी उतावीळपणे तपासणी केली, तर बदलाचा काही भागच आकड्यात उतरलेला असेल, आणि तो पाहून ‘एवढे करूनही एवढेच’ अशी निराशा विनाकारण पदरी पडेल. म्हणून उपचारात बदल झाला असेल किंवा लक्ष्य गाठलेले नसेल, तेव्हा तीन महिन्यांनी, आणि लक्ष्य गाठून स्थिर झाल्यावर वर्षातून किमान दोनदा, हाच क्रम ठेवावा.

दुसरी गोष्ट आकड्याच्या दशांशाची. ७.३ वरून ७.१ वर आलो, म्हणून पेढे वाटणारे आणि ७.१ वरून ७.३ वर गेल्यामुळे रात्रीचे जेवण सोडणारे असे दोन्ही प्रकारचे लोक आमच्या खिडकीशी येतात. एवढा फरक तपासणीच्या स्वाभाविक चढउतारातही पडू शकतो. तपासणी दरवेळी त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने करावी, आणि अर्ध्या टक्क्याच्या आसपास हालचाल झाल्यावरच तिला बदल म्हणावे. आपल्यापुढील अंतर ७.८ ते ७ असे आहे, म्हणजे हे मोजमाप ते अंतर ओळखण्याइतके सूक्ष्म निश्चित आहे; पण त्या अंतराचे दहा टप्पे पाडून दर पंधरवड्याला एक टप्पा मोजण्याइतके नाही.

मग मधल्या काळात काय पाहावे? प्रचलित सूत्रानुसार एचबीएवनसीला २८.७ ने गुणून ४६.७ वजा केले की सरासरी रक्तशर्करेचा अंदाज मिळतो. ७.८ ला ती सुमारे १७७ येते आणि ७ ला १५४. म्हणजे दिवसभराची सरासरी तेवीसेक अंकांनी खाली आणावयाची आहे. घरच्या ग्लुकोमीटरवर हे पाहता येते, परंतु एकेका वाचनावर विसंबू नये. या यंत्रांसाठीच्या २०१३ च्या आयएसओ मानकानुसार, शर्करा १०० किंवा त्याहून अधिक असताना, शंभरातील ९५ वाचने प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असली म्हणजे यंत्र योग्य समजले जाते. प्रत्यक्ष साखर १४० असताना यंत्राने ११९ दाखवले काय किंवा १६१ दाखवले काय, ते नियमाला धरूनच आहे. त्यामुळे काल आणि आज यांची तुलना व्यर्थ होय. या आठवड्याची सरासरी आणि चार आठवड्यांपूर्वीची सरासरी यांची तुलना करावी.

वाचने केव्हा घ्यावीत, यालाही महत्त्व आहे. केवळ सकाळची उपाशीपोटीची साखर लिहीत राहिल्यास वही सुंदर दिसते, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी मात्र हलत नाही, कारण साखर जेवणानंतर चढत असते. त्यासाठी जोडीने वाचन घ्यावे: एखाद्या जेवणापूर्वी एक, आणि जेवणास सुरुवात केल्यापासून दोन तासांनी दुसरे. आठवड्यातून तीन-चार जोड्या, वेगवेगळ्या जेवणांच्या, घेतल्या तर कोणते जेवण साखर चढवते, हे महिन्याभरात दिसू लागते. शेजारच्या रकान्यात ताटात काय होते, ते दोन शब्दांत लिहावे. नोंदीतला हा रकाना मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण उद्या काय बदलावे, हे तोच सांगतो.

एक सावधगिरीची सूचना. लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग असेल तर एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. रक्तस्राव किंवा तांबड्या पेशी लवकर नष्ट होण्याचा विकार असेल तर कमी दिसू शकतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असलेल्या व्यक्तींमध्ये काही पद्धतींनी केलेली तपासणी दिशाभूल करते. विदर्भात आणि नंदुरबारकडे हे प्रमाण अधिक असल्यामुळे तेथील वाचकांनी ही बाब विशेष लक्षात घ्यावी. घरची वाचने आणि प्रयोगशाळेचा आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर स्वतःच्या नोंदींवर अविश्वास दाखवण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

ताळेबंद

मी बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात अनेक वर्षे शिकवून निवृत्त झालो आहे. आपल्या तक्त्यातील ‘अभ्यास झाला’ हा रकाना काढून टाकावा, असे मी सुरुवातीलाच सांगतो. तास मोजण्यास माझा विरोध नाही, पण तास हा खर्च आहे, उत्पन्न नव्हे, आणि आपण अधिकारी असल्यामुळे खर्चाच्या बाजूला पाहून नफा सांगता येत नाही, हे आपणास ठाऊक आहे.

सीएआयआयबीत प्रगती मोजण्याचे साधन म्हणजे सरावपरीक्षा. पण तिचा आकडा कसा वाचावा, हे फारसे कोणी सांगत नाही. समजा, आपली तयारी निम्मे प्रश्न सुटतील एवढी आहे. १०० प्रश्नांच्या परीक्षेत नेमके कोणते प्रश्न वाट्याला आले, एवढ्या एका कारणाने आपले गुण साधारणपणे तीनपैकी दोन वेळा ४५ ते ५५ या पट्ट्यात हलतील आणि एखाद्या वेळी त्याच्याही बाहेर जातील. तेव्हा मागच्या रविवारी ४७ आणि या रविवारी ५३ मिळाले, यावरून काहीही सिद्ध होत नाही. चार सरावपरीक्षांची सरासरी घेतली की हा हेलकावा निम्म्यावर येतो. म्हणून विषयवार चार-चार परीक्षांची सरासरी हे एकक ठेवावे, आणि सर्व सरावपरीक्षा शक्यतो एकाच स्रोताच्या असाव्यात, अन्यथा आपण स्वतःची प्रगती न मोजता प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचा स्वभाव मोजत बसू.

याच हिशेबाने लक्ष्यही ठरते. उत्तीर्ण होण्यासाठी ५० गुण लागतात, म्हणून सरावात ५० ची सरासरी गाठून थांबणारा उमेदवार प्रत्यक्षात नाणेफेक करीत असतो. सरासरी ६० असेल, तर केवळ प्रश्नांच्या योगायोगाने ५० च्या खाली घसरण्याची शक्यता फारच थोडी उरते. सर्व विषय एकाच वेळी दिल्यास प्रत्येकात किमान ४५ आणि एकूण ५० टक्के, ही सवलत आहे खरी. परंतु तिचा आधार शेवटच्या आठवड्यात घ्यावा, नियोजनात धरू नये.

आता नोंदीतील सर्वांत कामाची गोष्ट. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष परीक्षेत एकही प्रश्न सोडू नये. पण त्यामुळेच सरावातील एकूण गुण फसवे ठरतात, कारण चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तरी चौथा हिस्सा पदरात पडतोच. त्यासाठी सराव करताना प्रत्येक उत्तरापुढे ‘ख’ किंवा ‘अं’ लिहावे: खात्रीने दिलेले की अंदाजाने दिलेले. तपासल्यानंतर चार गट पडतात. खात्रीने बरोबर आलेल्या उत्तरांची संख्या हीच खरी प्रगती होय. अंदाजाने बरोबर आलेली उत्तरे पुन्हा वाचावयाची आहेत. अंदाजाने चुकलेली अपेक्षितच आहेत. आणि खात्रीने चुकलेली उत्तरे, ती संख्येने थोडी असली तरी, सर्वांत आधी हाताळावीत. शाखेत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाची ती विशेष ठेव असते: आपल्या बँकेच्या परिपत्रकात असलेली मर्यादा ही रिझर्व्ह बँकेचीच मर्यादा आहे, असे तो गृहीत धरून चालतो. माझ्या वर्गातील ज्येष्ठ अधिकारी नव्या मुलांपेक्षा कमी गुण मिळवत, ते अज्ञानामुळे नव्हे, तर या खात्रीमुळे.

बँक फायनान्शियल मॅनेजमेंट या अनिवार्य विषयासाठी एक वेगळा रकाना ठेवावा. तेथे परकीय चलनाचे क्रॉस रेट, रोख्यांचे ड्युरेशन, भांडवल पर्याप्तता अशी गणिते असतात आणि दोन तासांत ती उरकावी लागतात. चुकलेल्या प्रत्येक गणितापुढे पद्धत माहीत नव्हती, आकडेमोड चुकली की वेळ पुरला नाही, यांपैकी कारण लिहावे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि कारण न लिहिल्यास माणूस प्रत्येक वेळी पुन्हा धडा वाचण्याचा, म्हणजे सर्वांत सोपा, उपाय करतो.

शेवटी विस्मरणाचा मुद्दा. आज वाचलेल्या प्रकरणावर आजच सोडवलेले प्रश्न तयारी दाखवत नाहीत. प्रकरण संपल्याच्या तारखेपुढे दोन आठवड्यांनंतरची तारीख लिहून ठेवावी आणि त्या दिवशी त्यावरील वीस प्रश्न पुस्तक न उघडता सोडवावेत. नोंद त्या आकड्याची करावी.

बोरू

मोडीला निकाल नाही, हे आपले म्हणणे मान्य नाही. निकाल आहे, तो आपणच लावावा लागतो, एवढेच.

आपल्या पेटीतील कागद पणजोबांच्या काळातील असल्यास ते बहुधा आंग्लकालीन मोडीत असतील: खरेदीखते, गहाणखते, कर्जरोखे. त्यांचा साचा ठरलेला असतो. लिहून घेणार, लिहून देणार, कारणे, सदरहू, चतुःसीमा, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, शेवटी साक्षीदार आणि सही येत नसल्यास नांगराची निशाणी. दहा-बारा खते पाहिली की हा साचा डोळ्यांना पाठ होतो आणि वाचक ओळीमागून ओळ सरसर वाचू लागतो. नवशिक्याला येथे प्रगतीचा भास होतो. तो मजकूर वाचत नसून आठवत असतो. म्हणून किती ओळी वाचल्या, हे मोजू नये. साच्याबाहेरचे शब्द मोजावेत: माणसांची नावे, गावांची आणि शेतांची नावे, रकमा, तारखा. एका पानात असे समजा चाळीस शब्द असतील, तर त्यांपैकी किती निःशंकपणे लागले आणि किती ठिकाणी रिकामी जागा सोडावी लागली, ही आपली गुणपत्रिका.

ही कसोटी कठीण का आहे, हे लिपीच्या घडणीत पाहावे. मोडीत शिरोरेषा आधी ओढलेली असते, शब्द तोडलेले नसतात, हात उचलण्याची वेळ येऊ नये म्हणून अक्षरे एकमेकांत गुंतवलेली असतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. साच्यातला शब्द संदर्भाने लागतो. ‘कोंडाजी’ की ‘खंडोजी’, हे संदर्भ सांगत नाही, अक्षरच वाचावे लागते. रकमांचेही तेच. पाव, अर्धा आणि पाऊण यांच्यासाठी उभे दंड वापरलेले असतात, आणि एक दंड नजरेआड झाला की चार आण्यांचा फरक पडतो. तारखेत शक दिलेला असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढता येतो; तो मुद्रांकावरील छापील सालाशी जुळला, तर आकडे बरोबर वाचल्याचा पुरावा हाती आला. स्वतःचे वाचन तपासण्याची अशी संधी सोडू नये.

माझी सूचना अशी की, पेटीतील तीन कागद कसोटीसाठी बाजूला काढावेत, शक्यतो तीन वेगवेगळ्या हातांचे. त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि आजच त्यांचे जमेल तेवढे लिप्यंतर करावे. जे लागले नाही, तेथे रिकामी जागा सोडावी, आणि जे ओढूनताणून लावले, त्यापुढे प्रश्नचिन्ह द्यावे. ही लिप्यंतरे पाकिटात बंद करून ठेवावीत. तीन महिन्यांनी तेच कागद, जुने लिप्यंतर न पाहता, पुन्हा वाचावेत आणि मग पाकीट उघडावे. रिकाम्या जागा किती भरल्या, हे तर कळेलच. शिवाय पूर्वी प्रश्नचिन्हाविना लिहिलेले कोणते शब्द चुकीचे होते, हेही कळेल. मधल्या काळात या तीन कागदांना हात लावू नये.

रोजच्या नोंदीत फक्त अडलेले अक्षर किंवा जोडाक्षर जसे दिसले तसे काढून ठेवावे. महिन्याभरात त्याची स्वतःची तक्ताबंदी तयार होते. कसोटीच्या कागदांखेरीज महिन्यातून एक पान पूर्णपणे अनोळखी वळणाचे वाचावे, कारण एकाच कारकुनाच्या अक्षराला सरावलेला वाचक दुसऱ्या कारकुनापुढे पुन्हा मुळाक्षरांवर येतो. हे पान वाचताना आकडा हमखास खाली जाईल. तो खाली जाणे हा मोडी शिकण्याच्या क्रमाचाच भाग असल्यामुळे अनोळखी पानाचे गुण वेगळ्या रकान्यात लिहावेत आणि त्यांची तुलना केवळ आधीच्या अनोळखी पानांशीच करावी.

तपासून देणारा कोणी हवा असल्यास राज्याचे पुराभिलेख संचालनालय तसेच पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचकांना मागणी एवढी वाढली आहे की, चांगला जाणकार मोकळा सापडणे अवघड झाले आहे. तेव्हा वर्गात नाव घालणे हाच खात्रीचा मार्ग.

उलटतपासणी

वरील तिन्ही प्रतिसाद विद्वत्तापूर्ण आहेत आणि ते अमलात आणल्यास श्री. गोदाकाठ यांना बँकेतून आल्यावर नोंदी करण्यासाठी स्वतंत्र कारकून नेमावा लागेल.

माझा आक्षेप मूलभूत आहे. ज्या क्षणी आपण आकडा लिहू लागतो, त्या क्षणापासून आपण उद्दिष्टासाठी नव्हे तर आकड्यासाठी काम करू लागतो. बँकवाल्यांना हे मी सांगावे, असे नाही. ३१ मार्चला शाखेच्या ठेवी फुगतात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच ठेवी परत जातात, हे दरवर्षी घडते. अहवालात लक्ष्य गाठलेले असते आणि तिजोरीत काही उरलेले नसते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात हेच निरीक्षण मांडले होते की, नियंत्रणासाठी एखाद्या आकड्यावर भार टाकला की त्या आकड्यातील नियमितपणा कोलमडू लागतो. घरातही तेच होईल. तपासणीच्या आधीचे पंधरा दिवस पथ्य, आणि अहवाल आल्याच्या संध्याकाळी मिसळ.

परीक्षा आणि साखर या बाबतींत मी एक वेळ तडजोड करीन. मोडी मात्र हौस आहे, असे प्रश्नकर्त्यांनी स्वतःच लिहिले आहे. हौसेची गुणपत्रिका काढू नये. पणजोबांचा कागद वाचताना रिकाम्या जागा मोजणारा माणूस मजकुराचा आनंद केव्हा घेणार?

ताळेबंद

मार्चअखेरचे उदाहरण अगदी योग्य आहे, आणि त्यावरचा उपायही बँकिंगमध्येच आहे. ठेवी एका दिवसाच्या शिलकेवर न मोजता सरासरी शिलकेवर मोजल्या की फुगवण्याचा लाभ पुष्कळसा नाहीसा होतो. रोख राखीव प्रमाणाबाबत, म्हणजे बँकांनी ठेवींचा जो ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावयाचा असतो त्याबाबत, रिझर्व्ह बँक हेच करते. बँकेने पंधरवड्याच्या सरासरीने आवश्यक रक्कम राखावयाची असते, म्हणजे एखाद्या दिवशी कमी पडले तर दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. पण त्याचबरोबर कोणत्याही एका दिवशी आवश्यक रकमेच्या ९० टक्क्यांखाली जाता येत नाही. सरासरीची सवलत आणि रोजची किमान पातळी, अशी ही दुहेरी रचना आहे.

अभ्यासाला ती जशीच्या तशी लागू होते, फक्त किमान पातळी पुष्कळ खाली ठेवावी. पंधरवड्याला १५० प्रश्न सोडवावयाचे, आणि कितीही धावपळीचा दिवस असला तरी पाच प्रश्नांखाली जावयाचे नाही. तिमाहीअखेरीस शाखेत रात्र होते, तेव्हा ‘झाले/नाही’ या तक्त्यात सलग चार ‘नाही’ पडतात आणि पाचव्या दिवशी माणूस तक्ताच उघडत नाही. सरासरीच्या पद्धतीत ते चार दिवस पाच-पाच प्रश्नांवर निभावतात आणि पंधरवडा वाचतो. परीक्षानळी यांनी सांगितलेली साखरेची साप्ताहिक सरासरीही तत्त्वतः हीच आहे, आणि एचबीएवनसी तर शरीरानेच राखलेली सरासरी शिल्लक असल्यामुळे शेवटच्या पंधरा दिवसांच्या पथ्याने ती पूर्णपणे फसत नाही.

अंतर्मुख

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. नोंद ठेवल्याने खरोखर फरक पडतो का, या मूळ प्रश्नावर अभ्यास झालेला आहे. २०१६ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये १३८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. प्रगतीवर लक्ष ठेवण्यास प्रवृत्त केलेल्या लोकांनी उद्दिष्टे अधिक प्रमाणात गाठली. आणि नोंद प्रत्यक्ष लिहिलेली किंवा दुसऱ्यांसमोर ठेवलेली असेल, तेव्हा परिणाम अधिक दिसला. तेव्हा उलटतपासणी यांचा सरसकट विरोध टिकणारा नाही.

परंतु त्याच विश्लेषणातील दुसरा निष्कर्ष प्रश्नकर्त्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. वर्तनावर लक्ष ठेवले तर वर्तन बदलते, फलितावर लक्ष ठेवले तर फलित बदलते. एकावर ठेवलेल्या नजरेचा लाभ दुसऱ्याला आपोआप मिळत नाही. ‘आज चाललो’ एवढेच लिहिणारा अधिक चालेल, पण त्यामुळे त्याची साखर उतरेलच, असे नाही. यासाठी प्रत्येक उद्दिष्टाला दोन रकाने लागतात, एक कृतीचा आणि एक फलिताचा, आणि दोन्हींची वारंवारता वेगळी असते. प्रश्नकर्त्यांचा मूळ तक्ता अपुरा वाटतो, तो तिन्ही उद्दिष्टांचा फक्त कृतीचा रकाना त्यात असल्यामुळे.

दुसऱ्यांसमोर ठेवण्याविषयी एक पुस्ती जोडते. येथे ‘दुसरे’ म्हणजे संपूर्ण व्हॉट्सॲप गट नव्हे. ज्याला त्या विषयातले कळते आणि जो विचारल्याशिवाय सल्ला देत नाही, असा एक माणूस पुरतो. घरातील व्यक्तीवर साखरेच्या वहीची जबाबदारी सोपवू नये. त्यातून जेवणाच्या ताटावर रोजची तपासणी सुरू होते आणि माणूस खोटे आकडे लिहू लागतो.

बोरू

उलटतपासणी यांना एवढेच सांगतो की, रिकाम्या जागा भरणे हाच मोडी वाचकाचा आनंद आहे. एखादे गावाचे नाव महिनाभर लागत नसावे आणि एके दिवशी दुसऱ्याच कागदात तेच वळण स्पष्ट दिसावे, यापरते सुख मला तरी ठाऊक नाही. मोजू नका म्हणणाऱ्यांनी कधी मोजून पाहिलेले नसते.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सर्व सूचनांचा विचार करून आता पुढीलप्रमाणे आखणी करीत आहे.

‘झाले/नाही’ हे रकाने काढून टाकले आहेत. रोज केवळ दोनच गोष्टी लिहीन: सोडवलेल्या प्रश्नांची संख्या आणि त्या दिवशी मोडीत काही वाचले असल्यास अडलेली अक्षरे. साखरेच्या जोड्या आठवड्यातून चार, ताटातील पदार्थांसह. दर पंधरवड्याला प्रश्नांची बेरीज पाहीन आणि एक सरावपरीक्षा देईन. तिच्यात खात्री आणि अंदाज वेगळे लिहीन. पाच विषय पाहता चार-चार परीक्षांची सरासरी प्रत्येक विषयाला लवकर मिळणार नाही, म्हणून पहिल्या खेपेस तीनच विषय द्यावेत, असा विचार आहे; त्यामुळे एकूण टक्केवारीची सवलत हातची जाईल, याची कल्पना आहे. मोडीचे तीन कागद काढून त्यांची लिप्यंतरे पाकिटात ठेवली आहेत. उलटतपासणी यांचा मान राखून मोडीच्या रोजच्या रकान्यात कोणतेही लक्ष्य लिहिलेले नाही. तो रिकामा राहिला तरी चालेल.

दोन शंका उरतात. पुढील एचबीएवनसीची तारीख परीक्षेच्या आठवड्यातच येते. त्या काळात झोप आणि जेवणाच्या वेळा बिघडणार, हे उघड आहे, तेव्हा तपासणी पुढे ढकलावी का? आणि तपासणीसाठी उपाशी राहावे लागत असल्यास परीक्षेच्या दिवसांत ते अडचणीचे होईल.

परीक्षानळी

एचबीएवनसीसाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नसते. दिवसाच्या कोणत्याही वेळी रक्त देता येते. त्याच वेळी उपाशीपोटीची साखर किंवा लिपिड तपासावयाचे असेल तरच तो प्रश्न येतो. तेव्हा त्या तपासण्या वेगळ्या दिवशी कराव्यात.

तारखेबाबत म्हणाल, तर ढकलू नये. परीक्षेच्या एका आठवड्यातील बिघाडाचा वाटा संपूर्ण आकड्यात लहान असतो, परंतु पुढे ढकलली तर परीक्षेनंतरचे सणवार आणि पाहुणचार त्यात मिसळतील आणि कशामुळे काय झाले, हे उलगडणार नाही. ठरलेल्या दिवशी परीक्षेहून परत येताना रक्त द्यावे आणि अहवालाच्या कोपऱ्यात ‘परीक्षेचा आठवडा’ असे पेन्सिलीने लिहून ठेवावे. त्या आठवड्यात जेवणाची वेळ टळणार असेल आणि आपण साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल, तर साखर एकदम उतरू नये यासाठी काय करावे, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. परीक्षा केंद्रावर जाताना ग्लुकोजच्या गोळ्या जवळ बाळगाव्यात, आणि त्या आत नेता येतील की नाही, याची चौकशी केंद्रावर आदल्या दिवशीच करावी.